शल्यवैद्याची पारख : शल्यशिक्षणातील निवडीच्या कसोट्यांचा ऐतिहासिक अभ्यास
(विशेष संदर्भ : महाराष्ट्र व वाशीम जिल्हा)

प्रस्तावना :

दिनांक ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत वाशीमचे महाविद्यालय एक होते. वाशीमच्या महाविद्यालयाची प्रवेशक्षमता १०० विद्यार्थ्यांची आहे. वाशीमच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हती. इंग्रजी राजवटीत 'बासीम' या नावाने हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोला जिल्ह्यात समाविष्ट करण्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा स्वतंत्र झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११,९७,१६० इतकी होती. २०१८ मध्ये नीती आयोगाने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांत गडचिरोली, नंदुरबार व उस्मानाबाद यांच्या जोडीला वाशीम होते. यवतमाळला १९८९ मध्ये व अकोल्याला २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वाशीमला त्यासाठी २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली.

महाविद्यालय आले, इमारती येतील, खाटाही येतील. परंतु या जिल्ह्यातील रुग्णाच्या पोटावर शस्त्र चालविणारा हात कोणाचा असेल, हा प्रश्न इमारतीने सुटणारा नाही. शल्यचिकित्सा शिकू इच्छिणाऱ्या अनेकांमधून नेमका कोण चांगला शल्यवैद्य होईल, हे आधी ओळखता येते काय? आधुनिक चिकित्सालयीन संशोधनात या विषयाचा स्वतंत्र अभ्यास होतो. प्रवेशाच्या वेळी मिळालेले गुण, हाताचे कौशल्य, अवकाशाची जाण, स्वभाव यांवरून प्रशिक्षणार्थीच्या पुढील कामगिरीचे भाकीत करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला यात एक निराळी गोष्ट दिसते. हा प्रश्न नवा नाही. प्रत्येक काळाने आपापल्या परीने शल्यवैद्याची पारख केली आहे, आणि त्या त्या काळाची कसोटी पाहिली म्हणजे त्या समाजाला वैद्याकडून काय हवे होते, तेही कळते.

उद्दिष्टे :

१) शल्यशिक्षणातील निवडीच्या कसोट्या कालक्रमाने पाहणे.
२) प्रवेशद्वारावरची कसोटी आणि प्रत्यक्ष कामावरची कसोटी यांतील भेद स्पष्ट करणे.
३) आधुनिक संशोधनाच्या निष्कर्षांच्या प्रकाशात या इतिहासाचा अर्थ लावणे व वाशीमसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात तो तपासणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे. येथे 'कसोटी' हा शब्द केवळ परीक्षा या अर्थाने वापरलेला नाही. कोणास आत घ्यावे, कोणास पुढे न्यावे व कोणास स्वतंत्रपणे काम करू द्यावे, हे ठरविणारा प्रत्येक निकष त्यात अभिप्रेत आहे.

१. सुश्रुतसंहितेतील दोन कसोट्या :

भारतीय शल्यपरंपरेचा आद्य ग्रंथ म्हणजे सुश्रुतसंहिता. या ग्रंथाच्या सूत्रस्थानात शिष्याच्या निवडीचा आणि शिक्षणाचा विचार वेगवेगळ्या अध्यायांत आला आहे. दुसऱ्या अध्यायात शिष्य कसा असावा हे सांगितले आहे. त्याचे कुल, वय, शील, शौर्य, बुद्धी, स्मृती यांबरोबर त्याचे ओठ, जीभ व दातांची टोके पातळ असावीत, मुख, नेत्र व नासिका सरळ असाव्यात, अशीही अपेक्षा आहे. ब्राह्मण, क्षत्रिय व वैश्य यांचे उपनयन करून शिकवावे असे सांगून, कुलगुणसंपन्न शूद्रालाही मंत्र वर्ज्य करून व उपनयनाशिवाय शिकवावे असे काहींचे मत असल्याची नोंद तेथे आहे. ही प्रवेशद्वारावरची कसोटी होय. शिष्याने अद्याप काहीही केलेले नाही, केवळ त्याच्याकडे पाहून तो पुढे काय करील याचे अनुमान बांधायचे आहे.

नवव्या अध्यायात मात्र चित्र पालटते. हा 'योग्यासूत्रीय' अध्याय. 'योग्या' म्हणजे प्रत्यक्ष कर्माचा सराव. सर्व शास्त्र शिकलेला शिष्यदेखील सरावाशिवाय कर्मास अपात्र असतो, अशी भूमिका घेऊन ग्रंथकार छेद्य, भेद्य, लेख्य, वेध्य, एष्य, आहार्य, विस्राव्य व सीव्य या आठ शस्त्रकर्मांसाठी सरावाची निरनिराळी साधने सुचवितो. कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदन करावे. पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशवीवर भेदन करावे. केसाळ ताणलेल्या चामड्यावर लेखन, मृत पशूंच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर वेधन करावे. किडीने पोखरलेल्या लाकडात व बांबूच्या पोकळीत शलाका घालून एषण करावे. फणस, तोंडली व बेलफळ यांच्या गरातून बिया काढून आहरण शिकावे. जाड व तलम वस्त्रांच्या कडांवर आणि मऊ चामड्यावर सीवन करावे. पट्टी बांधण्याचा सराव वस्त्रादिकांच्या पुतळ्यावर करावा.

आठ कर्मांना आठ निरनिराळी साधने आहेत, यात एक बारीक निरीक्षण दडलेले आहे. हाताचे कौशल्य हा एकच सरसकट गुण नसून प्रत्येक कर्माची जाण स्वतंत्रपणे कमवावी लागते. भोपळा चांगला कापणारा शिष्य शिर चांगली वेधीलच असे नाही. पाचव्या अध्यायात शस्त्रकर्म करणाऱ्या वैद्याचे गुण आले आहेत : धैर्य, कामातील चपळता, शस्त्राची धार, घाम न येणे, हात न कापणे व गोंधळून न जाणे. यांतील एकही गुण शिष्याच्या ओठांकडे पाहून कळणारा नाही. तो कर्म चालू असतानाच दिसतो. तिसऱ्या अध्यायात केवळ शास्त्र जाणणारा व केवळ कर्म जाणणारा अशा दोघांनाही अपूर्ण मानून त्यांची तुलना एका पंखाच्या पक्ष्याशी केली आहे. दहाव्या अध्यायात व्यवसायात पाऊल टाकण्यापूर्वी राजाची अनुज्ञा आवश्यक मानली आहे.

म्हणजे एकाच ग्रंथात दोन्ही विचार एकत्र नांदतात. शरीरलक्षणांची व कुलाची कसोटी काळाच्या ओघात निरर्थक ठरली. सरावाची कसोटी आजच्या कोणत्याही शल्यप्रशिक्षण प्रयोगशाळेत, साधने बदलून, ओळखता येते.

२. पुण्याचा अनामिक शल्यवैद्य :

संहितेतील प्रवेशाचे नियम आणि समाजातील वास्तव यांत किती अंतर होते, हे अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ घडलेल्या एका प्रसिद्ध घटनेवरून दिसते. इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा बैलगाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळावरील कातडी वळवून नवे नाक तयार केले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. तिचे सचित्र वर्णन ऑक्टोबर १७९४ च्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या मासिकात प्रसिद्ध झाले. त्या वर्णनात शस्त्रक्रिया करणारा मनुष्य विटा भाजणाऱ्या जातीचा असल्याचे म्हटले आहे. मराठी लेखनात त्याचा उल्लेख सामान्यतः कुंभार असा होतो. रुग्णाचे नाव इतिहासात राहिले, शल्यवैद्याचे राहिले नाही.

या माणसाने कोणत्या गुरुकुलात उपनयन करून घेतले होते, अशी शक्यताच नाही. संहितेच्या दुसऱ्या अध्यायातील दारातून तो आत येऊ शकला नसता. परंतु नवव्या अध्यायातील कसोटीला तो पुरेपूर उतरला. त्याने आधी मेणाचा पातळ साचा करून नाकाचा आकार ठरविला आणि त्या मापाने कपाळावर रेषा आखली. मातीला व मेणाला आकार देणाऱ्या हातांची ही पद्धत आहे.

पुढील कथाही तितकीच उद्बोधक आहे. लंडनचे शल्यवैद्य जोसेफ कार्प्यू यांनी हे वर्णन वाचले, मृतदेहांवर या क्रियेचा सराव केला आणि १८१४ मध्ये ती प्रत्यक्ष रुग्णावर यशस्वीपणे केली. १८१६ मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पदवी नसलेल्या कारागिराची क्रिया पदवीधर शल्यवैद्याने शिकली व शिकण्यासाठी सरावाचाच मार्ग धरला. युरोपातील आधुनिक नासिकासंधानाच्या इतिहासात पुण्याचे स्थान यामुळे निश्चित झाले.

३. मुंबईतील प्रवेशद्वार :

पाश्चात्य वैद्यकाचे संस्थात्मक शिक्षण पश्चिम भारतात १८२६ मध्ये सुरू झाले. डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली मुंबईत देशी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय शाळा निघाली. तेथे देशी भाषांचा आधार घेऊन शिक्षण दिले जाई. १८३२ मध्ये ही शाळा बंद करण्यात आली. त्यानंतर १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या महाविद्यालयाचा पुरस्कार केला. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय त्याला जोडलेले होते. डॉ. चार्ल्स मोरहेड हे या महाविद्यालयाच्या आरंभकाळातील प्रमुख होते.

१८३२ पूर्वीची शाळा आणि १८४५ चे महाविद्यालय यांत सर्वांत मोठा फरक भाषेचा होता. नव्या महाविद्यालयाचे दार इंग्रजीचे होते. १८५१ मध्ये पहिली तुकडी पदवीधर झाली. तिच्यात भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग, जे. सी. लिस्बोआ आदींचा समावेश होता. ही मंडळी त्या काळातील मुंबईच्या इंग्रजी शिक्षणाची उत्तम फळे होती. भाऊ दाजी हे एल्फिन्स्टन संस्थेत शिकले व तेथे शिक्षकही होते. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. भाऊ दाजी आज मुख्यत्वे प्राच्यविद्येचे व पुराणवस्तूंचे अभ्यासक म्हणून, आत्माराम पांडुरंग हे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून, तर लिस्बोआ हे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून स्मरले जातात. ते कुशल वैद्य नव्हते असा याचा अर्थ नाही. भाऊ दाजींचा वैद्यकीय व्यवसाय व धर्मार्थ सेवा सुप्रसिद्ध आहे. परंतु इंग्रजीचे व विद्वत्तेचे दार विद्वान माणसे निवडते, हे या यादीवरून स्पष्ट दिसते. त्यांच्यापैकी शस्त्रासाठी कोणाचा हात अधिक योग्य, हे ते दार सांगू शकत नव्हते. ग्रामीण मराठी मुलाचा हात कितीही स्थिर असला, तरी तो या दारापर्यंत पोहोचतच नव्हता.

याची जाणीव राज्यकर्त्यांना झाली नाही असे नाही. १८६० च्या दशकात ग्रँट महाविद्यालयातच देशी भाषेतील वर्ग निघाले आणि पुण्यात १८७८ मध्ये बी. जे. मेडिकल स्कूल उभे राहिले. मात्र देशी भाषेतून शिकलेल्यांचे स्थान नेहमी दुय्यम राहिले. स्त्रियांच्या बाबतीत तर दारच बंद होते. ग्रँट महाविद्यालयात स्त्रियांना १८८३ मध्ये प्रवेश मिळू लागला. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या व १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून एम.डी. झाल्या. ज्यांना दारातच अडविले जाते त्यांच्या क्षमतेविषयी कोणताही पुरावा तयार होत नाही आणि पुरावा नाही म्हणून त्यांना क्षमता नाही असे मानले जाते. निवडीच्या इतिहासातील हा दोष वारंवार भेटतो.

४. परीक्षा लंडनची, रुग्ण हिंदुस्थानचा :

इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील जागा पूर्वी शिफारशीने भरल्या जात. १८५५ पासून त्या लंडनमधील स्पर्धा परीक्षेने भरल्या जाऊ लागल्या आणि त्याच वर्षी बंगालचे डॉ. सूर्यकुमार गुडीव चक्रवर्ती हे या परीक्षेतून निवडले गेलेले पहिले हिंदी ठरले. शिफारशीच्या जागी स्पर्धा आली, ही निःसंशय प्रगती होती. एखाद्या संचालकाची मर्जी नसतानाही परका माणूस आत येऊ शकतो, हे परीक्षेने सिद्ध केले. परंतु परीक्षा लंडनला होत असल्याने खरी पहिली कसोटी बोटीच्या भाड्याची होती.

पुढे १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. प्रसूतिशास्त्राच्या प्रत्यक्ष शिक्षणाचा दर्जा हा त्या वादातील एक मुख्य मुद्दा होता. या वादातून १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला. त्यातील राजकारण बाजूला ठेवले, तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष किती रुग्णांवर काम केले, हे कागदावरच्या पदवीवरून कळत नाही ही गोष्ट त्या वेळीही सर्वांना ठाऊक होती.

५. विदर्भातील लायसेन्शिएट व भोर समिती :

वऱ्हाड व मध्यप्रांताच्या वाट्याला दीर्घकाळ वैद्यकीय महाविद्यालय आले नाही. नागपूरला १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल सुरू झाले. तेथून पदवीधर नव्हे, तर लायसेन्शिएट म्हणजे परवानाधारक डॉक्टर बाहेर पडत. पूर्ण वैद्यकीय महाविद्यालय नागपूरला १९४७ मध्ये झाले. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशातील सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट होते. समितीने बहुमताने एकच मूलभूत पदवी असावी व लायसेन्शिएट शिक्षण बंद करावे अशी शिफारस केली. काही सदस्यांनी मात्र भिन्नमत नोंदविले.

समितीची भूमिका समजण्यासारखी आहे. खेड्यातील माणसाला दुय्यम दर्जाचा डॉक्टर का, हा प्रश्न न्याय्यच होता. परंतु दुय्यम डॉक्टर गेला म्हणजे त्याच्या जागी उत्तम डॉक्टर खेड्यात येईल, हे भाकीत खरे ठरले नाही. निवडीची कसोटी उंचावली आणि ती उत्तीर्ण होणारा विद्यार्थी शहराकडे वळला. कोण चांगले काम करील, या प्रश्नाबरोबरच तो कोठे काम करील हाही प्रश्न भाकिताचाच भाग आहे. तो या टप्प्यावर निसटला.

६. सेवाग्रामचा प्रयोग :

हा निसटलेला धागा विदर्भातच पुन्हा हाती घेतला गेला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. या संस्थेने स्वतःची प्रवेशपरीक्षा घेतली व तीत विज्ञानाच्या विषयांबरोबर गांधीविचाराचीही प्रश्नपत्रिका ठेवली. प्रवेशानंतर विद्यार्थ्यांचे आश्रमात शिबिर होई आणि प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेत असे. पदव्युत्तर प्रवेशासाठी ग्रामीण सेवेची अट घालण्यात आली. राष्ट्रीय पातळीवरील एकच प्रवेशपरीक्षा लागू होईपर्यंत गांधीविचाराची प्रश्नपत्रिका कायम होती.

या प्रयोगाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. गांधीविचारावरील प्रश्नपत्रिका पाठांतरानेही सोडविता येते, म्हणून तिच्यावरून सेवावृत्तीचे भाकीत होईलच असे नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ग्रामीण सेवेची अट ही निराळ्या जातीची कसोटी होती. तीत विद्यार्थ्याने सेवेविषयी काय लिहिले हे पाहिले जात नव्हते. त्याने सेवा केली की नाही हे पाहिले जात होते. सुश्रुताच्या भाषेत सांगायचे तर प्रश्नपत्रिका हा दुसरा अध्याय व सेवा हा नववा अध्याय होय.

७. एकाच परीक्षेचे राज्य :

स्वातंत्र्योत्तर काळात वैद्यकीय प्रवेशाचा इतिहास मुख्यतः न्यायालयांत घडला. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवासाच्या आधारावरील राखीव जागांना मर्यादा घातली व पदव्युत्तर जागांचा काही भाग अखिल भारतीय गुणवत्तेसाठी खुला ठेवला. महाराष्ट्रात १९८७ मध्ये कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायदा झाला. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. 'नीट' ही राष्ट्रीय परीक्षा २०१३ मध्ये आली, त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि एप्रिल २०१६ मध्ये तो निर्णय मागे घेतला. तेव्हापासून पदवी व पदव्युत्तर प्रवेशाचे ते मुख्य दार आहे.

या परीक्षेवर टीका करताना तिच्या जन्माचे कारण विसरता कामा नये. ओळख, देणगी, महाविद्यालयातील वशिला यांनी शल्यचिकित्सेच्या जागा भरल्या जाऊ नयेत, यासाठी बहुपर्यायी प्रश्नांची निर्जीव पण निःपक्षपाती परीक्षा पुढे आली. १८५५ मध्ये लंडनला जे घडले, तेच थोड्या फरकाने येथे घडले. परंतु निःपक्षपातीपणा आणि भाकिताची शक्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. सर्वांना सारखे मोजणारी फूटपट्टी योग्य वस्तूच मोजत आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये रिक्त जागा भरण्यासाठी पदव्युत्तर 'नीट'ची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणण्यात आली. ज्या रेषेखालचा विद्यार्थी आदल्या दिवशी अपात्र होता, तो दुसऱ्या दिवशी पात्र झाला. ती रेषा क्षमतेची नसून जागांच्या संख्येची होती, हे या एका निर्णयाने उघड झाले.

८. चिकित्सालयीन संशोधनाचा कौल :

आधुनिक शल्यप्रशिक्षणाचे जनक विल्यम हॉलस्टेड यांनी १८८९ पासून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात निवासी प्रशिक्षणाची पद्धत घडविली. ती मनोऱ्यासारखी होती. खाली अनेक जण प्रवेश करीत व शेवटी एकच वर पोहोचे. म्हणजे भाकिताचा भार प्रवेशावर न टाकता तो वर्षानुवर्षांच्या निरीक्षणावर टाकलेला होता. येथे इतिहासाचा एक विरोधाभास नोंदविला पाहिजे. स्थानिक बधिरीकरणाचे प्रयोग स्वतःवर करताना हॉलस्टेड यांना कोकेनचे व्यसन जडले होते आणि त्यासाठी १८८६ मध्ये ते रुग्णालयात दाखल झाले होते. आजच्या कोणत्याही निवड समितीसमोर ते उभे राहिले असते, तर त्यांचा अर्ज पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या विषयाला प्रायोगिक स्वरूप आले. टोरांटो येथे १९९७ च्या सुमारास शस्त्रकर्माच्या कौशल्याचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन करणारी पद्धत विकसित झाली. तीत प्रशिक्षणार्थी निरनिराळ्या टेबलांवर ठरावीक कर्मे करतो व परीक्षक ठरलेल्या निकषांनुसार गुण देतात. आठ कर्मांच्या आठ साधनांची येथे आठवण होते. २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये टोरांटोच्याच संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अवकाशाची जाण अधिक असलेल्यांनी गुंतागुंतीचे शस्त्रकर्म सुरुवातीला अधिक चांगले केले. परंतु थोडा सराव व मार्गदर्शन मिळाल्यावर कमी जाण असलेलेही त्यांच्या बरोबरीला आले. त्याच वर्षी अमेरिकेतील येल येथील १६ प्रशिक्षणार्थींवरील प्रयोगात, संगणकीय आभासी यंत्रावर आधी सराव केलेल्यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतील विच्छेदन २९ टक्के कमी वेळात केले व त्यांच्या चुकाही पुष्कळच कमी झाल्या.

२०१३ मध्ये मिशिगन राज्यातील २० शल्यवैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने आपल्या एका शस्त्रक्रियेचे चित्रीकरण दिले व इतर शल्यवैद्यांनी नाव न कळता ते पाहून कौशल्याला गुण दिले. सर्वांत कमी गुण मिळालेल्या चतुर्थांशाच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के होते. सर्वांत वरच्या चतुर्थांशात ते ५.२ टक्के होते. हे सर्व जण परीक्षा उत्तीर्ण झालेले, अनुभवी शल्यवैद्य होते. पदवी सर्वांची सारखी, हात मात्र सारखे नव्हते. आणि तो फरक हात पाहिल्यावरच कळला.

येथे एक शास्त्रीय अडचणही ध्यानात घ्यावी. प्रवेशपरीक्षेत अत्युच्च गुण मिळालेल्यांनाच आत घेतले, की आतल्या सर्वांचे गुण जवळजवळ सारखे होतात. मग त्या गुणांवरून त्यांच्यातील चांगला व सामान्य असा भेद करणे कठीण जाते. जे बाहेर राहिले त्यांनी कसे काम केले असते, हे कधीच कळत नाही. इंग्रजीच्या दाराबाहेर राहिलेला मराठी विद्यार्थी व १८८३ पूर्वी बाहेर राहिलेली स्त्री यांच्याबाबत जे घडले, तेच संख्याशास्त्राच्या भाषेत येथे पुन्हा सांगितले गेले आहे.

९. वाशीमच्या दृष्टीने :

हा सर्व विचार वाशीमच्या भूमीवर आणला म्हणजे त्याचे मोल कळते. अकोल्याचे अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. अडलेली बाळंतीण, आतड्याला पीळ पडलेला शेतमजूर किंवा अपघातात सापडलेला मोटारसायकलस्वार यांच्यासाठी हे अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते, तासांत मोजायचे असते. अशा रुग्णाला देशातील पहिल्या शंभरांतला शल्यवैद्य नको असतो. त्याला तेथे हजर असलेला, हात न कापणारा व गोंधळून न जाणारा शल्यवैद्य हवा असतो.

२०२० मध्ये अधिसूचित झालेल्या जिल्हा निवासी कार्यक्रमानुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करणे आवश्यक ठरले आहे. ऐतिहासिक दृष्टीने ही फार महत्त्वाची तरतूद आहे. तिच्याकडे केवळ मनुष्यबळाचा पुरवठा म्हणून पाहिले, तर ते तीन महिने हजेरीपटावर संपतील. तिच्याकडे पारखण्याची संधी म्हणून पाहिले, तर विद्यार्थ्याने साधनांच्या टंचाईत काय केले, रुग्ण पुढे पाठविण्याचा निर्णय केव्हा घेतला व केव्हा घेतला नाही, परिचारिकांशी व नातेवाइकांशी तो कसा वागला, याची नोंद होऊ शकते. ही नोंद अंतिम मूल्यमापनात धरली गेली पाहिजे.

अर्थात निरीक्षणावर आधारलेल्या कसोटीत वशिल्याला वाव मिळतो, हा धोका खरा आहे. ज्या कारणासाठी परीक्षा आली ते कारण आजही संपलेले नाही. शिक्षकाच्या हाती विद्यार्थ्याचे भवितव्य दिले, की जात, भाषा, गाव व घराणे यांचे पूर्वग्रह मागच्या दाराने आत येऊ शकतात. म्हणून निरीक्षण अनेकांचे असावे, निकष आधी जाहीर असावेत व शक्य तेथे विद्यार्थ्याचे नाव झाकलेले असावे. मिशिगनच्या अभ्यासाने हे शक्य असल्याचे दाखविले आहे.

निष्कर्ष :

१) प्रवेशद्वारावरची प्रत्येक कसोटी, मग ती शरीरलक्षणांची असो, इंग्रजीची असो वा बहुपर्यायी प्रश्नांची, शल्यवैद्याच्या पुढील कामगिरीपेक्षा ती घडविणाऱ्या व्यवस्थेची गरज अधिक सांगते.

२) सराव व निरीक्षण यांवर आधारलेली कसोटी सुश्रुतसंहितेपासून आधुनिक संशोधनापर्यंत टिकून राहिली आहे. प्रारंभीची उणीव सरावाने बऱ्याच अंशी भरून निघते, हा आधुनिक अभ्यासाचा निष्कर्ष ग्रामीण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने विशेष आश्वासक आहे.

३) स्पर्धा परीक्षेचे ऐतिहासिक कार्य वशिल्याला रोखण्याचे आहे. तेवढ्यापुरती ती आवश्यकच आहे. तिच्याकडून कौशल्याच्या व सेवावृत्तीच्या भाकिताची अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय आहे आणि रुग्णावरही.

४) शल्यवैद्य कसा होईल याबरोबर तो कोठे राहील, हा प्रश्न निवडीच्या विचारातून वगळता येणार नाही. लायसेन्शिएट शिक्षण बंद झाल्यानंतरचा अनुभव व सेवाग्रामचा प्रयोग यांतून हेच दिसते.

अभ्यासकांना व अध्यापकांना यातून आपल्या वर्गापुरताही एक बोध घेता येईल. आपण सारेच प्रवेशाच्या गुणपत्रिकेवरून विद्यार्थ्याचे भाकीत करीत असतो. पुण्याजवळच्या त्या कारागिराची गुणपत्रिका कोणी मागितली नव्हती. दोन डॉक्टर त्याच्याजवळ उभे राहिले आणि त्यांनी त्याचे काम पाहिले. वाशीमच्या नव्या महाविद्यालयात येत्या काळात जे विद्यार्थी हाती शस्त्र घेतील, त्यांच्याजवळ कोणीतरी तसे उभे राहावे, एवढीच या अभ्यासाची अपेक्षा आहे.